जखम भरते, पहारा उठत नाही

काडेपेटीतल्या काडीचा गुल असतो ना, साधारण तेवढी जखम. व्यास साडेतीन मिलिमीटर. त्वचेचा तुकडा तपासणीला घ्यायला डॉक्टर जे छोटं गोल पातं वापरतात, त्यानं ठरवून केलेली. १९९५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी जखम २६ बायकांच्या हातावर केली. त्यातल्या १३ जणी घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं सगळं करत होत्या. बाकीच्या १३ जणी त्याच वयाच्या, तशाच ऐपतीच्या, फक्त डोक्यावर तो भार नसलेल्या. जखम मिटली की नाही हे ठरवायला फोटो होते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. उघड्या जखमेवर पेरॉक्साइडचा थेंब टाकला की फेस येतो. फेस येईनासा झाला की कातडी धरली.

भार नसलेल्या बायकांच्या जखमेवरचा फेस सरासरी ३९ दिवसांत थांबला. सेवा करणाऱ्यांना ४८ दिवसांहून जास्त लागले.

‘मनाचा शरीरावर परिणाम होतो’ हे वाक्य वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय की त्यावर काहीच अडकत नाही. हे वरचे नऊ दिवस मात्र अडकतात. तीच कातडी, तेवढीच जखम, आणि वर नऊ दिवस. १९९८ मध्ये याच गटानं दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर तेवढीच जखम दोनदा केली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. इथे तर माणूसही तोच. परीक्षेच्या दिवसांतली जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला, आणि सुट्टीतल्या वेगानं एकाचीही भरली नाही. परीक्षा म्हणजे काही आघात नव्हे. ठरलेल्या तारखेला येते आणि संपते. तेवढ्यानं हे होत असेल तर न संपणाऱ्या भीतीनं काय होईल, हा पुढचा प्रश्न.

त्याआधी जखमेत डोकवायला हवं. पहिली काही मिनिटं रक्त गोठण्याची. त्यानंतर चार-सहा दिवस दाह: लाली, सूज, ऊब, ठणका. दाह म्हटलं की आपण घाबरतो, पण तो साफसफाईचा काळ आहे. आधी न्यूट्रोफिल पेशी येतात आणि जंतू मारतात. मागून मॅक्रोफेज येतात, मेलेलं उचलतात आणि बांधकामाला माणसं बोलावतात. पुढचे दोन-तीन आठवडे नवी ऊती भरते, नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. मग वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ, कोलॅजेन या प्रथिनाचे धागे उसवून पुन्हा विणले जातात. एवढं करूनही व्रणाची ताकद मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांवर जाऊन थांबते.

घोळ होतो तो सुरुवातीलाच, बोलावणं धाडताना. दाहाच्या पेशींना जखमेकडे ओढून आणायला इंटरल्युकिन-१ सारखे रासायनिक निरोप लागतात. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक हे निरोप दाबतं. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णाचे टाके उशिरा धरतात हे सर्जन मंडळींना पाठ असतं, आणि कॉर्टिसॉल म्हणजे शरीराचं घरचं स्टिरॉइड. उंदरांना नळीत कोंडून ताण दिला तेव्हा त्यांच्या जखमा रेंगाळल्या. मग या संप्रेरकाचा परिणाम रोखणारं औषध दिलं, तर ताण तसाच असूनही जखमा नेहमीच्या वेगानं भरल्या. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. मन शरीरात उतरतं ते कुठल्या जिन्यानं, हे त्यात बोट ठेवून दाखवता येतं.

दुसरा जिना रक्तवाहिन्यांचा. भीती वाटली की नॉरअॅड्रेनालिन हे ताणाचं दुसरं संप्रेरक कातडीकडे जाणाऱ्या वाहिन्या आवळतं. हातपाय गार पडतात ते त्यामुळेच. रक्त कमी म्हणजे प्राणवायू कमी. न्यूट्रोफिलला जंतू मारायला प्राणवायू लागतो, कोलॅजेन घट्ट विणायलाही लागतो. याचा सगळ्यात स्वच्छ दाखला मनाच्या नव्हे, थंडीच्या अभ्यासात सापडतो. १९९६ मध्ये मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांत, ज्यांचं शरीर शस्त्रक्रियेदरम्यान सुमारे दोन अंशांनी थंड पडू दिलं होतं त्यांच्यात १९ टक्क्यांना जखमेचा संसर्ग झाला. उबेत ठेवलेल्यांत सहा टक्क्यांना. थंडीनं असो की धास्तीनं, आवळलेली वाहिनी आवळलेलीच. म्हणून ड्रेसिंगच्या खोलीत पंखा बंद करणं आणि रुग्णाच्या पायांवर पांघरूण घालणं याला मी लाड म्हणत नाही.

तिसरा रस्ता इतका साधा आहे की त्यावर कुणी लिहीत नाही. घाबरलेला माणूस झोपत नाही, जेवत नाही, सिगरेट वाढवतो, गोळी चुकवतो, पट्टी बदलायची टाळतो कारण जखमेकडे बघवत नाही. वाढीचं संप्रेरक मुख्यतः रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत स्रवतं. दुःस्वप्नाच्या भीतीनं जो पहाटेपर्यंत जागा राहतो त्याची नेमकी तीच झोप जाते. आपल्याकडे म्हणतात, ‘त्यानं हाय खाल्ली.’ हाय खाल्लेला माणूस आधी जेवण सोडतो. प्रथिनांशिवाय कोलॅजेन विणणार कशातून?

आता आघात. अपघात, हल्ला, होरपळणं, अतिदक्षता विभागात नळ्या लावून काढलेले दिवस, किंवा लहानपणी घरातच रोज सोसलेली दहशत. ताण आणि आघात एकाच पिशवीत कोंबू नयेत. ताणात धोका समोर असतो. आघातात धोका टळलेला असतो, पण पहारा उठलेला नसतो. दार वाजलं की हृदय धावतं, मान-खांदे कायम ताठ, पोट आवळलेलं. गंमत अशी की आघातोत्तर तणाव-विकार, म्हणजे ज्याला पीटीएसडी म्हणतात, असलेल्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल अनेकदा जास्त सापडत नाही. कित्येकांत ते नेहमीइतकं किंवा कमीच असतं. भडकलेली असते ती अॅड्रेनालिनची बाजू. त्यामुळे रक्त तपासून आघात मोजून देतो असं कुणी सांगितलं तर पैसे खिशातच ठेवावेत.

या पहाऱ्याचा सर्वांत मोठा हिशेब दुखण्यात चुकवावा लागतो. हेन्री बीचर या भूलतज्ज्ञानं दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमी सैनिक पाहिले. त्यातल्या बहुतेकांनी वेदनाशामक मागितलं नाही. नंतर साध्या नागरी रुग्णालयात, शस्त्रक्रियेच्या त्या मानानं नीटस जखमा असलेल्यांनी ते कितीतरी जास्त मागितलं. बीचरचं म्हणणं असं की सैनिकासाठी जखम म्हणजे रणातून सुटका होती आणि नागरिकासाठी आपत्तीची सुरुवात. जखमेचा अर्थ दुखण्याचा आवाज कमी-जास्त करतो. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी पाठीच्या कण्यातल्या ‘दरवाजा’चा सिद्धान्त मांडला: दुखण्याचा संदेश वर जाताना वाटेत अडवला किंवा वाढवला जातो, आणि मेंदूही वरून त्या दरवाजाला हात लावतो. वेदनेची आंतरराष्ट्रीय व्याख्या २०२० मध्ये सुधारून घेतली गेली, तीतही वेदना म्हणजे ‘संवेदनेचा आणि भावनेचा’ अनुभव असंच म्हटलंय. दोन्ही शब्द एकाच ओळीत.

म्हणूनच ‘तुझं दुखणं मनाचं आहे’ हे वाक्य अर्धवट माहितीतून येतं. सगळंच दुखणं मेंदूत तयार होतं, हाड मोडल्याचंसुद्धा.

ड्रेसिंग बदलण्याची दहा मिनिटं जरा जवळून पाहू. कोरडी पट्टी जखमेला चिकटलेली आहे. परिचारिका कडा उचलते. रुग्णाचा श्वास थांबतो, खांदे कानांना भिडतात, पायाची बोटं वळतात. कुणीतरी म्हणतं, ‘इकडे बघू नका, झालंच.’ आणि पट्टी खेचली जाते. तिच्यासोबत रात्रीतून कडेनं सरकत आलेला नव्या पेशींचा पातळ थरही निघतो. पुढच्या वेळी खोलीचं दार दिसलं तरी खांदे वर जातात. दोन चुका एकदम झाल्या: ऊती फाडली, आणि मेंदूला शिकवलं की इथे सांगून काही होत नाही.

हेच वेगळं करता येतं. तोंडानं घ्यायची वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून अर्धा-पाऊण तास आधी. पट्टी मिठाच्या निर्जंतुक द्रावणात, म्हणजे ०.९ टक्के सलाइनमध्ये, भिजवून पाच-दहा मिनिटं तशीच सोडायची आणि सुटली की मगच उचलायची. ओढायची दिशा जखमेच्या कडेला समांतर, वर उपटायची नाही. हात लावण्याआधी दर वेळी सांगायचं: ‘आता डावी कड.’ शक्य असेल तर पहिली कड रुग्णालाच सोडवू द्यायची. आणि एक खूण ठरवायची, मोकळा हात वर केला की काम थांबेल. ही खूण खोटी ठरली तर बाकी सगळं वाया जातं. हात वर गेला आणि परिचारिका ‘आता एवढंच राहिलंय’ म्हणत पुढे गेली, की त्या दिवसापासून खूण मेली. खरोखर थांबलं तर मात्र बहुतेक माणसं हात वर करणंच कमी करतात. थांबवता येतं एवढं कळलं की पुरतं.

आधी सांगण्याची ताकद १९६४ मध्येच मोजली गेली होती. एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाची शस्त्रक्रिया व्हायच्या ९७ रुग्णांपैकी निम्म्यांना आदल्या दिवशी भेटून सांगितलं: इथे दुखेल, साधारण असं दुखेल, पोटाचे स्नायू आवळले की वाढेल, सैल सोडायचे असे, कुशीवर वळायचं तर असं. पुढे जाऊन या रुग्णांना मॉर्फिनजातीचं औषध जवळपास निम्मं लागलं आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. कुठलंही यंत्र नाही, खुर्ची ओढून बसायचं आणि खरं सांगायचं. ‘काही दुखणार नाही हं’ हे सांत्वन पहिल्या टोचणीलाच उघडं पडतं, आणि पुढचं कुठलंच आश्वासन मग खपत नाही.

याच्या उलट टोकाला एक सद्हेतूनं केलेली चूक आहे. अपघात झाला की नातेवाईक उशाशी बसून म्हणतात, ‘सांग, सगळं बोलून टाक, मन मोकळं होईल.’ एके काळी तज्ज्ञही ठरवून हेच करत. घटनेनंतर काही दिवसांतच एक बैठक घ्यायची आणि सगळा प्रसंग तपशिलात वदवून घ्यायचा. १९९७ मध्ये भाजलेल्या रुग्णांवर याची चाचणी झाली. तेरा महिन्यांनी पाहिलं तेव्हा बैठक झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी होता, न झालेल्यांपैकी नऊ टक्क्यांना. त्या दोन गटांतला सगळा फरक बैठकीमुळेच पडला असं म्हणता येत नाही, कारण बैठक झालेल्यांच्या जखमा मुळात थोड्या गंभीर होत्या. पण फायदा कुठेच दिसला नाही, आणि पुढच्या चाचण्यांतही दिसला नाही. ओली जखम उघडून बघायची नसते, हे कातडीबद्दल आपल्याला कळतं. पहिल्या आठवड्यांत माणूस स्वतःहून बोलला तर ऐकायचं, गप्प असला तर चहापाणी, झोप, औषधाच्या वेळा आणि कुणीतरी सोबत असणं एवढं सांभाळायचं.

लिहिण्याची वेळ नंतर येते. जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात मांडलेली पद्धत साधी आहे: सलग तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, सगळ्यांत सलणाऱ्या प्रसंगाबद्दल. काय घडलं आणि त्याचं काय वाटलं, दोन्ही. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, फाडून टाकलं तरी चालेल. न्यूझीलंडमध्ये ६४ ते ९७ वयाच्या ४९ जणांनी तीन दिवस, रोज २० मिनिटं असं लिहिलं, निम्म्यांनी सलणाऱ्या प्रसंगावर आणि निम्म्यांनी रोजच्या कामांवर. दोन आठवड्यांनी दंडावर चार मिलिमीटरची जखम केली. अकराव्या दिवशी पहिल्या गटातल्या ७६ टक्क्यांची पूर्ण भरली होती, दुसऱ्यातल्या ४२ टक्क्यांची. अभ्यास छोटा आहे, त्यावर मनोरे बांधू नयेत. पण खर्च वही-पेनाचा आहे, म्हणून करून बघावं. इथेही एक गोष्ट बिघडते: लिहिल्यावर तासभर मन उदास होतं आणि माणूस समजतो की हे आपल्याला बाधलं. ती उदासी अपेक्षित आहे आणि बहुतेकांची उतरते. उतरली नाही, किंवा लिहिताना प्रसंग आठवण्याऐवजी पुन्हा घडू लागला, तर वही मिटायची आणि हे काम मानसोपचारतज्ज्ञासोबत करायचं. पहिल्या महिन्यात हा प्रयोग नको. रात्री झोपण्याआधी तर नकोच.

श्वासाबद्दल सगळेच सांगतात, बिघडतं कुठे ते फार थोडे सांगतात. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, असं पाच मिनिटं. लांबलेल्या उच्छ्वासात हृदयाची गती उतरते आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा या लयीशी चांगली जुळते. चूक होते ती ‘दीर्घ’ शब्दामुळे. लोक छाती फुगवून श्वास भरतात, दहा-बारा श्वासांत रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि भीती दुप्पट होते. श्वास सावकाश हवा, मोठा नको. नाकानं, शेजारच्याला ऐकू येणार नाही इतका लहान. डोळे मिटायचा आग्रहही सोडावा. ज्याच्यावर हल्ला झालाय त्याला डोळे मिटले की तेच दिसतं. त्यानं उघड्या डोळ्यांनी फरशीची एक रेघ धरावी. ज्यानं व्हेंटिलेटरवर दिवस काढलेत त्याला श्वासाकडे लक्ष देणंच भयंकर वाटू शकतं. त्याला श्वास सोडून द्या, तळपाय जमिनीला टेकलेत तिथे लक्ष न्या.

एवढं मनाबद्दल लिहिल्यावर दुसरी बाजू न सांगणं अप्रामाणिक होईल. जठरातला व्रण, ज्याला आपण अल्सर म्हणतो, तो कित्येक दशकं चिंतेचा आजार मानला जात होता. रुग्णांना ‘टेन्शन घेऊ नका’ सांगून घरी पाठवत. १९८०च्या दशकात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर जिवाणू दाखवला. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला दाह आणून दाखवला, २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. प्रतिजैविकांनी बरा होणारा आजार आपण स्वभावावर ढकलत होतो. (आणि तरी, १९९५च्या जपानमधल्या हान्शिन भूकंपानंतर जठरातल्या रक्तस्रावी व्रणांचे रुग्ण वाढलेले दिसले. जिवाणू खरा, धसकाही खरा. शरीराला एकच कारण पुरतं असा आग्रह आपला, त्याचा नव्हे.)

कर्करोगाबाबत तर हात जोडून सांगावंसं वाटतं. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात स्तनाचा कर्करोग पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी आधारगटात जाणाऱ्या जवळपास दुप्पट जगल्या, आणि जगभर ‘मनानं कर्करोग हरवा’ सुरू झालं. २००१ मध्ये २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला, पुढे २००७ मध्ये स्पीगल यांनीही पुन्हा केला. आयुष्य वाढलं नाही. २००१च्या प्रयोगात मनाचा त्रास आणि दुखणं मात्र कमी झालं होतं. तेवढं पुष्कळ आहे, आधारगट हवेतच. पण गाठ परत आली तर ‘तू खचलीस म्हणून’ असं म्हणायला कुणाकडेही आधार नाही.

तेव्हा जखम रेंगाळली तर मनाकडे वळण्याआधी रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, प्रथिनं, तंबाखू, पायाचा रक्तपुरवठा, चालू औषधं बघायची. ताप, पसरत जाणारी लाली, पू, वाढता वास, एका पोटरीची सूज, अचानक बदललेलं दुखणं ही कामं डॉक्टरांची, त्याच दिवशी. आणि घटनेला महिना उलटूनही प्रसंग डोळ्यांपुढून हलत नसेल, वाटा-माणसं टाळली जात असतील, झोप तुटत असेल, तर तेही तितकंच डॉक्टरांचं काम. आघातावर बेतलेली, विचार आणि वागणं हळूहळू बदलणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धत आणि डोळ्यांच्या हालचाली करत आठवणीवर काम करणारी ईएमडीआर या दोन्ही उपचारांमागे चांगला पुरावा आहे.

शेवटी मनगट. पडून मोडलेलं, सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालेलं. एक्स-रेवर हाड जुळलंय. तरी हात पोटाशी धरलेला, कोपर दुमडलेलं, बोटं अर्धी मिटलेली, आणि बोलताना माणूस ‘माझा हात’ न म्हणता ‘हा हात’ म्हणतो. हाड कधीच जुळलं, पहारा चालू आहे. न वापरल्यानं सांधा आखडतो, आखडल्यानं दुखतं, दुखतं म्हणून वापर आणखी घटतो. ‘जोर लावा, दुखलं तरी करा’ म्हणून हे सुटत नाही. एक दिवस जोर लागतो, दुसऱ्या दिवशी सूज येते, तिसऱ्या दिवशी हात पुन्हा पोटाशी.

हिशेब असा करतात: तीन वेगवेगळ्या दिवशी मनगट किती वेळा हलवल्यावर दुखणं वाढायला लागतं ते मोजायचं. समजा ८, १२ आणि १० वेळा. सरासरी दहा, त्यातून पाचवा भाग वजा, म्हणजे आठ. रोज ठरलेल्या वेळी आठच. चांगल्या दिवशी पंधरा जमत असली तरी आठ, वाईट दिवशी सहाव्याला कंटाळा आला तरी सावकाश आठ. आठवड्यानं नऊ. चांगल्या दिवशी थांबणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि तिथेच बहुतेकांचं गणित फिसकटतं. थोडं दुखेल, ते चालतं. व्यायाम संपल्यावर तासाभरात दुखणं आधीच्या पातळीवर आलं तर मात्रा बरोबर आहे. दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं तर दोन आकडे मागे.

आणि मग कधीतरी, सातव्या-आठव्या आठवड्यात, माणूस दुसऱ्याच कशाबद्दल बोलत असतो आणि तोच हात उठून कपाळावरचे केस मागे सारतो. त्याचं त्याला कळलेलंही नसतं. अनुभवी फिजिओथेरपिस्ट अशा वेळी ‘बघा, जमलं!’ म्हणून ओरडत नाही. ओरडलं की हात दचकून पोटाशी जातो. तो मान हलवत बोलणं ऐकत राहतो आणि वहीत तारीख टिपून ठेवतो.